सहाव्या पट्ट्याचे पाणी आठ दिवस बंद ठेवल्याबाबत

जबाब देणार: गोल्फ मैदानावर गवत राखणारा कामगार, वय ३४ वर्षे, शिक्षण दहावी, राहणार मैदानाच्या मागील फाटकालगत, कामगारांच्या खोल्यांपैकी दुसरी खोली.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन, मैदानाच्या मॅनेजर साहेबांनी दिलेल्या तक्रारीबाबत विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी व वडिलांसह राहतो. वडील ७१ वर्षांचे असून याच मैदानावर गवत कापून निवृत्त झाले. मी तेथे चौदा वर्षे काम करतो. पहाटे साडेपाचला हजर होणे, हिरवळीवरचे दव लांब काठीने झाडणे, गवत कापणे, चेंडूंनी पडलेले खळगे वाळू-मातीने भरणे आणि पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणे व बंद करणे ही माझी कामे आहेत.

मैदानाचा सहावा पट्टा तळ्याच्या वर, चढावर आहे. या महिन्याच्या तीन तारखेस तेथील पाण्याची नळी फुटली. दुरुस्तीला पाच दिवस लागले. ऊन कडक होते. आठ तारखेस सकाळी सहाच्या सुमारास मी मशीन घेऊन चढावर गेलो असता गवतात पिवळ्या रेषा उमटलेल्या दिसल्या. मला कीड वाटली. गुडघ्यावर बसून सुरीने उकरले, तर वीतभर खाली दगड लागला. रेषेच्या बाजूला उकरले, तर नुसती माती. रेषा सरळ होत्या व काटकोनात वळत होत्या. तळ्यावरून धुके वर येत होते आणि ऊन तिरपे होते. मशीन बंद करून मी उभा राहिलो. चार खोल्या दिसत होत्या. एका ठिकाणी रेषा तुटली होती, माणूस जाईल एवढी. मी तेथून आत गेलो. बाजूने का गेलो नाही, ते मला सांगता येत नाही. आत गेल्यावर हळू चालावेसे वाटले.

दुपारी घरी येऊन वडिलांना सांगितले. ते जेवत होते. त्यांनी विचारले, "दार कुणीकडे आहे?" मी म्हणालो, "तळ्याकडे." ते अर्ध्या ताटावरून उठले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "आत्याला सांग."

विचारल्यावरून खुलासा करतो की, आत्या ही वडिलांची धाकटी बहीण, वय ६६. शिंप्याच्या दुकानात काजे-बटणे करते. मैदान होण्यापूर्वी त्या चढावर आमचे घर होते. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, मला ते आठवत नाही. जागा देण्याच्या कागदावर वडिलांनी एकट्याने सही केली. पुढे ते मैदान बांधणाऱ्यांकडे कामाला लागले आणि घर पाडायलाही तेच होते. आत्या सासरी होती. तिला कोणी कळवले नाही. ती माहेरपणाला आली तेव्हा पिशवी घेऊन मोकळ्या जमिनीवर बराच वेळ उभी होती, असे आई सांगत असे. त्यानंतर एकतीस वर्षे ती वडिलांशी बोलली नाही व आमच्या घरी आली नाही.

नळी आठ तारखेसच दुपारी दुरुस्त झाली. पाणी सोडले असते तर चार-पाच दिवसांत गवत हिरवे होऊन रेषा गेल्या असत्या. मी व्हॉल्व्ह उघडला नाही. वहीत 'पाणी दिले' असे रोज लिहिले, ते खोटे आहे. मी रोज आत्याच्या दुकानात जात होतो. ती रोज "मला सवड नाही" म्हणत होती. आठव्या दिवशी तिने विचारले, "न्हाणीघर दिसतंय का?" मी हो म्हणालो.

सोळा तारखेस सकाळी सव्वासहाला घर दाखवायला मी दोघांना मागील फाटकातून आत घेतले. वडील पुढे व आत्या वीस पावले मागे, असे आम्ही चढावर गेलो. आत्या रेषेपाशी थांबली. वडील तसेच आत जात होते. आत्या म्हणाली, "चपला बाहेर काढ." ते परत आले व त्यांनी चपला काढल्या. एकतीस वर्षांत ती त्यांच्याशी बोललेले ते पहिले वाक्य होते.

नंतर ती खोल्यांतून फिरली. भिंतीतून गेली नाही, प्रत्येक वेळी दारातून गेली. मागच्या खोलीत खाली बसून तिने रेषेवर हात ठेवला आणि विचारले, "हे राहिलं कसं?" वडील म्हणाले, "पाया उपटायला सांगितला होता. मी नाही उपटला. वरून माती ओढली."

"एवढी वर्षं बोलला नाहीस."

"तू ऐकायला होतीस कुठं?"

आत्या तेथेच गवतावर आडवी झाली, डोके रेषेकडे करून. धुके होते. वडील तिच्या पायाशी बसून राहिले. मी दाराबाहेर उभा होतो.

सातच्या सुमारास एक सभासद चेंडू शोधत आले. चेंडू आमच्या स्वयंपाकघरात पडला होता. त्यांनी विचारले, "इथे काय चाललंय?" आत्या उठून बसली व म्हणाली, "या, आत या." ते दोघांकडे बघत थोडे थांबले, चेंडू न घेता गेले व त्यांनी ही गोष्ट मॅनेजर साहेबांना सांगितली. त्यांना मी दोष देत नाही.

ते गेल्यावर आत्या मला म्हणाली, "आता पाणी सोड. गवत मरायला लागलंय." मी सात वाजून वीस मिनिटांनी व्हॉल्व्ह उघडला. साहेब आले तेव्हा फवारे चालू होते आणि आम्ही तिघे भिजलेले होतो.

नुकसान झाले हे मला मान्य आहे. मुळे जिवंत आहेत, मी उपटून पाहिली आहेत. तीन आठवड्यांत गवत पूर्ववत होईल. पाणी बंद ठेवण्यास मला कोणीही सांगितले नव्हते. मला तूर्त कामावरून थांबवले आहे. परत घेतले तर मी जाईन.

आत्या त्या दिवसापासून आमच्याकडे आहे. ती व वडील आत्ता बाहेर बाकावर बसले असून पाण्याचा माठ कोणत्या कोपऱ्यात होता यावरून त्यांचे भांडण चालू आहे. ते आत ऐकू येते. त्याचा तक्रारीशी संबंध नाही.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात एके ठिकाणी 'घराच्या खुणा' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'घर' असे केले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.