बिनआकड्यांचा नॉब

पवनीची बस यायला वेळ होता, म्हणून बायाबाई भंडाऱ्यातल्या कार-सजावटीच्या दुकानाबाहेर बाकावर टेकल्या. दुकानाकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीसाठी एक नवराबायको गिअरचा नॉब निवडत होते.

"भाऊ, आकडे नसलेला दाखवा. काळा, गोल."

"आकडे काहून नाही पायजे, साहेब?"

"इनं ड्रायव्हिंग क्लास लावला हाये. आकडे दिसले का गाडी घेऊन जाईल कारध्याले, मायच्या घरी."

"मी आयकून राहिली, अजी."

"त मंग चांगलं आयक. गाडी तुले भेटनार नाही."

"बरं."

बायाबाईंच्या हाती जन्मभर कोणी बैलबंडीचा कासरा दिला नव्हता. त्या बाकाच्या टोकाला सरकल्या. दुकानदारानं जुना नॉब फिरवून काढला, नवा बसवून पेच कसला. नवऱ्यानं गाडी सुरू केली.

"साहेब, मागं घ्या! काउंटरवर येऊन राहिली गाडी!"

"आकडेच नाही त रिव्हर्स समजन कसा? भाऊ, जुनाच लावून द्या."

"राहू द्या जी भाऊ, चांगला दिसते. आमच्या क्लासच्या गाडीचे आकडे कवाचेच घासून गेले. अजी, तुमी उतरा अन् मागं पाहा."

"हळू वं, हळू! येऊ दे... येऊ दे... बस!"

"आता बसता, का मी एकटीच जाऊ कारध्याले?"

"बसतो ना. इकडचा पट्टा कुठून ओढाचा असते वं?"