मुलींच्या प्रतिनिधीचा ठराव

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील गुरुजन आणि या सभागृहात दाटीवाटीनं बसलेल्या बंधुभगिनींनो,

विद्यार्थी मंडळाचा मावळता चिटणीस म्हणून आपण मला हार घातलात. ज्यांना तो घालायचा, त्या आज धुळ्यात नाहीत.

मंडळाची रीत आपण जाणताच. प्रत्येक वर्ग आपला प्रतिनिधी निवडतो आणि प्रतिनिधी मिळून चिटणीस निवडतात. मुलींचा प्रतिनिधी मात्र वरून नेमला जाई. गेल्या जुलैत, म्हणजे छप्पन साली, शिरपूरच्या कुंदा पाटील यांची अशी नेमणूक झाली. पहिल्याच सर्वसाधारण सभेत त्या उठल्या. "मला नेमलंत, आभारी आहे. पण मी बोलू कुणाच्या वतीनं? मुलींना आपला प्रतिनिधी मतानं निवडू द्या." हशा पिकला, तरी त्या बसल्या नाहीत. हळूहळू हात वर झाले. ठराव मंजूर झाला. पुढे प्रतिनिधींनी त्यांनाच चिटणीस केलं, मला त्यांचा सहचिटणीस.

घटनादुरुस्ती पक्की व्हायला त्याच वर्षी दुसऱ्या सभेची मान्यता लागते. ती दिवाळीनंतर होती. कुंदाताई सुट्टीत गेल्या, त्या परतल्याच नाहीत; चिटणीसाचं काम माझ्याकडे आलं. मी शिरपूर गाठलं. त्यांचे वडील चुडामणआबा ओट्यावर बसले होते.

"बठ्ठं ठरी गयं, भाऊ. चोपडानं स्थळ शे. आते कॉलेज नही."

लग्न ठरल्याचं, कॉलेज सुटल्याचं ऐकून मी म्हणालो, "मग सभा थांबवतो. कुंदाताई आल्याशिवाय घेणार नाही."

दाराआडून त्या बोलल्या, "पितांबरभाऊ, थांबवू नका. वर्ष सरलं की ठराव गेला. आणि मत चिठ्ठीनं घ्या. हात वर करायला मुली बिचकतील."

 मी निघालो.

सभा झाली, ठराव पक्का झाला. मी सारखा दाराकडे पाहत होतो, हे आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. जानेवारीत कुंदाताईंच्या रिकाम्या जागेसाठी मुलींनी चिठ्ठीनं मतदान केलं. मी खोलीबाहेर उभा होतो. आत कुजबुज, हसू. एक मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "भाऊ, मी मत दिलं." इतकंच.

हे कुंदाताईंनी ऐकायला हवं होतं. चोपडा काही फार दूर नाही. पण त्यांच्या सासरी जाऊन सांगायला मी कोण म्हणून जाऊ?

आपण आपुलकीनं ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर जाणाऱ्याचं म्हणून पोटात घाला.