माणूस कधी येणार?

…नाही पण तुम्हीच सांगा, बाई माणूस नसते का? असते ना? मग हे जरा इंदिरानगरच्या गायधनीकाकांना कुणीतरी कळवा, कारण आमची मनालीताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, आयटीआय झालेली, डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, हातात ड्रिल, त्यांच्या गच्चीवर सोलर बसवायला म्हणून दारात उभी, आणि काका तिच्या खांद्यावरून मागे जिन्यात बघत विचारतात, "माणूस कधी येणार?"

ती म्हणाली, मीच आलेय. काका म्हणाले, ते दिसलं गं, पण माणूस?

तुम्हाला सांगते, हे घरोघरी. पंचवटीत तर एका आजींनी, शुक्रवारी लेक दारात आली म्हणून, ड्रिल खाली ठेवायला लावून हळदीकुंकू लावलं, हातावर चणेफुटाणे ठेवले, आणि मग मायेनं विचारलं, बाळा, माणूस कधी येणार? बायकांना मान नाही असं कोण म्हणतं? मान भरपूर. शिडी तेवढी मिळत नाही.

तरी ताईनं गायधनींचं सोलर बसवलं, आणि ते चाललं. आता तिचे मालक रावजीशेठ… फार उदार माणूस. बायकांना पुढे आणलं पाहिजे म्हणतात, आणि पुढे म्हणजे ऑफिसच्या पुढच्या खोलीत, फोनपाशी. तुझा आवाज गोड, उन्हात कशाला करपतेस? ताईनं हट्टानं गच्ची मागून घेतली होती, तेव्हाच शेठ म्हणाले होते, एक तक्रार आली की फोन. आणि आली ना… ऐन उन्हाळ्यात, गायधनीकाकांचीच. वीजच बनत नाही, मी तेव्हाच विचारलं होतं, माणूस कधी येणार?

मग खरोखरचा माणूस गेला. भिकनदादा. काकूंनी त्याला जिन्यातच सांगितलं, वर वाळवण आहे, पाय लागेल. बाप्यामाणसानं वाळवणात जायचं नसतं, बिचारा तिथूनच फिरला, खालचा मीटरचा डबा उघडला, चहा प्यायला आणि निदान केलं… बाईचं काम, ढिलं असणार.

त्या रात्री ताई जेवली नाही. सकाळी उठून स्वतःच गेली. तिला काकूंनी अडवलं नाही, वाळवणात बाईला कोण अडवतं? चपला काढून वर गेली, बघते तर काय, सगळ्या पॅनलांवर जुन्या साड्या, चिमटे लावून ताणलेल्या, आणि साड्यांवर कुरडया. ओळीनं!

मागून काकू कौतुकानं, "धूळ नाही, कबुतर नाही, आणि काय तापतं गं. ऊन धरायलाच बसवलंय ना ते?"

ताईनं साड्या उचलल्या, खाली मीटरचे आकडे पळायला लागले. काकांनी वाकून आकडे वाचले. मग म्हणाले, "बाई आहेस म्हणून लक्षात आलं. माणसाला सुचलं नसतं."

रावजीशेठ तर इतके खूश, की ताईचा फोन टळला, गच्ची कायम झाली. काम काय, तर उन्हाळाभर सगळ्या गिऱ्हाइकांच्या गच्च्या फिरायच्या आणि पॅनलांवर पापड-कुरडया नाहीत ना ते बघायचं. सोलर बसवायला भिकनदादा आहे की, माणूस आहे तो.

काल पहिल्याच दारात ताईनं हेल्मेट सारखं केलं, बेल वाजवली, सोलरवर पापड घातलेत का ते बघायला आलेय म्हणाली. सूनबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "आई, पापडवाली आलीय. घ्यायचेत का?"