नामित्रोंगेची रिकामी जागा

— नाही नाही, सिस्टर नोएमिया, नेमणूक रद्द करायचा अर्ज वाचला मी. दोनदा वाचला. आई आजारी आहे, लग्न ठरलंय, नामित्रोंगेला पाण्याची सोय नाही — असेल की, मी कुठं खोटं म्हणतोय? बसा तर खरं. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘शिवाय तिथली माणसं त्या बाजूची आहेत’ — हे नसतं लिहिलंत तर बरं झालं असतं. युद्ध संपून आठ वर्षं झाली. तेव्हा केवढ्या होतात तुम्ही? तेरा-चौदा? मग! ह्या बाजूची, त्या बाजूची — आता सगळी एकाच तक्त्यात आहेत. तो बघा भिंतीवरचा, माझ्या हातचा आहे. डावीकडे गावं, वर हुद्दे, आणि जिथं माणूस नाही तिथं लाल गोल. नामित्रोंगेचा गोल इतक्यांदा खोडलाय नि पुन्हा काढलाय की कागद फाटलाय तिथं. तुम्ही पाचव्या. हो, पाचव्या. आधीचे चार? एकजण पोचला, तीन दिवस राहिला, ताप आला म्हणून परत आला. बाकीचे तिघं नेमणुकीचा कागद घेऊन गेले ते गेलेच. मला बाजारात दिसतात, तोंड चुकवतात. मीही चुकवतो.

नाही, मी रागावलेलो नाही. रागवायचा मला काय हक्क! मी आपला मनुष्यबळ विभागाचा म्हातारा — डिसेंबरात निवृत्त होतोय. सगळं आयुष्य मी एकच काम केलं, सिस्टर — कुठं किती माणसं हवीत, किती आहेत, किती शिकवायची, कुणाला कुठं धाडायचं. शांतता झाली ना, तेव्हा ह्या प्रांतातले निम्मे दवाखाने जळालेले होते. ती दुसरी बाजू आधी जाळायची तेच — दवाखाना आणि शाळा. आणि माणसं मलावीतून परत यायला लागलेली, डोक्यावर चटया, पाठीवर पोरं, रोज हजार-हजार — आणि मला वरून हुकूम, दहा वर्षांचा आराखडा करा! परदेशी साहेब आले मदतीला. चांगले होते बिचारे. मला विचारतात, सेन्योर बाल्ताझार, दहा वर्षांत साधारण किती परिचारिका मरतील, म्हणजे तेवढ्या जास्त शिकवू. मी म्हटलं, साहेब, मागच्या दहा वर्षांच्या हिशेबानं सांगू की पुढच्या? हसले नाहीत ते. मीच हसलो. माझी बायको परिचारिका होती हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

— असो. ते नको. नामित्रोंगेचं सांगत होतो.

तर तिथं माणूस होतं. म्हणजे आम्हाला शोधायची गरजच नव्हती. तुम्ही म्हणता ना ‘त्या बाजूची’ — त्या बाजूनंही जंगलात दवाखाने चालवलेच होते की, माणसं तिकडंही आजारी पडायची. शांततेच्या करारात कलमच होतं, त्यांच्यातली हाताला कसब असलेली आपल्यात घ्यायची. पण परीक्षा घेऊन, आणि सातवी पास पाहिजे. जंगलात सातवी! झाडाला लागते का सातवी? एवढं वरच्यांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी ह्या प्रांताला पाच जागा राखून दिल्या — शाळा नसेल पण हात चांगला असेल, तर अशा पाच जणांना वर्षभराच्या पूरक वर्गाला घ्या. शिफारस माझी. फक्त माझी सही. मी नि मुख्य परिचारिका दोना जेनोवेवा, दोघं जीपनं गेलो परीक्षा घ्यायला. चौऱ्याण्णव साल, जुलै महिना. काजूच्या झाडाखाली बाकं मांडलेली. एकतीस माणसं बसली होती. काहींच्या पायात अजून लष्करी बूट, आणि पेन्सिल धरलेली अशी, मुठीत, कुदळ धरावी तशी.

त्यांच्यात ही एर्मेलिंदा. वय एकवीस, अंगानं काटकुळी, नीळ दिलेला पांढरा शर्ट — कुणाकडून तरी मागून आणलेला, बाह्या दोनदा दुमडलेल्या. तिसरीत असताना त्या बाजूच्या सैनिकांनी उचलून नेलं होतं तिला, अकरा वर्षांची असताना, पाणी भरायला गेली होती तिथून. आधी सामान वाहायला ठेवली. मग त्यांच्याकडं पकडून आणलेला एक परिचारक होता, झकारियास नावाचा, त्यानं हाताखाली घेतली. तो वारला, मग हीच सगळं करायला लागली. जखमा शिवायची मासे धरायच्या दोऱ्यानं, उकळून घेऊन. मला म्हणाली, “दोरा चांगला होता सेन्योर, पण मासे मिळाले नाहीत की लोक माझ्यावर चिडायचे.” दोना जेनोवेवा खो खो हसली. त्या बाईला मी आधी कधी हसताना बघितलं नव्हतं.

लेखी पेपर चालू होता आणि सायकलवर घालून एक बाई आणली. दिवस भरलेली, दोन दिवस अडलेली, आणि पोराचा पाय बाहेर. दोना जेनोवेवा तीस वर्षं नोकरी केलेली — पण इस्पितळात केलेली, तिथं डॉक्टर असतो, दिवा असतो. ती माझ्याकडं बघायला लागली. माझ्याकडं! मी कारकून माणूस. तेवढ्यात एर्मेलिंदानं पेन्सिल ठेवली, उठली, परवानगीही मागितली नाही. हात धुतले, कोपरापर्यंत, आणि त्या बाईच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली, सारखी, थांबलीच नाही बोलायची — मला ऐकू येत नव्हतं, पण आवाज असा होता, की मीसुद्धा जरा शांत झालो. पाऊण तास लागला. पोर आधी निळंच होतं. मग रडलं. सगळी बाकं रडायला-हसायला लागली, परीक्षाच मोडली. आणि ही परत येऊन जागेवर बसली आणि विचारते, “सेन्योर, वेळ गेला तो धरणार का?”

नापास झाली. हो. अहो, नियमात बसलीच नाही, काय करणार? सातवी नाही, लेखीत अर्धे प्रश्न कोरे. नियम म्हणजे नियम. मी एकट्यासाठी वाकवला असता तर उद्या दुसरा उभा राहिला असता. ज्या चौघांची शिफारस केली ना, त्यांचं बघा, चौघंही अजून कामावर आहेत, एकजण तर —

काय?

पाच म्हटलं होतं मी? ...हो. पाचच म्हटलं होतं. तुम्ही नीट ऐकता, सिस्टर. परिचारिकेला चांगलं ते.

पाचवी जागा मी रिकामी ठेवली. वर लिहून पाठवलं, योग्य उमेदवार मिळाला नाही. दोना जेनोवेवानं विचारलं परत येताना जीपमध्ये, ती पोर पहिल्या नंबरावर ना? मी म्हटलं हो. ती निर्धास्त झोपून गेली.

आता सुरू केलंय तर सांगतो. तुमचा अर्ज राहू दे बाजूला. माझी बायको — ओतीलिया — मुक्वालाच्या दवाखान्यात होती. तिला तिथं कुणी नेमलं? मी. तेव्हा कुणीच जायला तयार नव्हतं खेड्यावर, रस्त्यावर सुरुंग, आणि सगळे म्हणायचे, बाल्ताझारची बायको मात्र शहरात बसलीय. तर मी तिचं नाव घातलं. तीच म्हणाली, घाल, लोकांची तोंडं तरी बंद होतील. आठ महिने राहिली. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये त्या बाजूच्यांनी मुक्वाला जाळलं. मला नंतर एक चप्पल दिली आणून, ती तिचीच होती असंही नक्की नाही.

तर त्या दिवशी, काजूखाली, मी पेपर तपासायला घेतले. एर्मेलिंदाचा पेपर उचलला आणि — कसं सांगू — ते अक्षर ओतीलियाचं होतं. सारखं नव्हे हो, तेच. ओतीलिया ‘टी’ काढायची ना, त्याची आडवी रेघ पुढच्या दोन अक्षरांवरून न्यायची, छप्पर घातल्यासारखी. मी चिडवायचो तिला, पाऊस लागतो का गं तुझ्या अक्षरांना? तशीच रेघ. प्रत्येक ‘टी’ला. मी तिला बोलावून विचारलं, तू लिहायला कुठं शिकलीस? आणि ती सांगते — हसत, सिस्टर, तिला वाटलं परीक्षेतलाच प्रश्न आहे — “एका औषधांच्या पेटीवरून शिकले, सेन्योर. मुक्वालाहून आणलेली. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी होती, मोठ्यांना किती, लहानांना किती. इतकं सुबक लिहिलेलं की मी कोळशानं झाडाच्या सालीवर गिरवत बसायची. सगळी औषधं मी त्या चिठ्ठ्यांवरूनच ओळखते.” मी विचारलं, ती पेटी तुला कुणी दिली. म्हणाली, “दिली नाही, माझ्या डोक्यावर ठेवली. दोन दिवस चालले.” आणि लिहिणारी? “तिला मी नाही पाहिली. आम्हा पोरींना शिवेबाहेर बसवलं होतं, वाहायला.”

चौदा वर्षांची होती ती तेव्हा. बांधून नेलेली. मला कळत होतं ते, अगदी त्या क्षणीही कळत होतं. माझ्या बायकोनं शिकवलेली एकच मुलगी ह्या जगात उरली होती आणि ती माझ्यासमोर उभी होती — हे आज म्हणतो मी. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की ती जिवंत आहे. ओतीलियाचं अक्षर घेऊन ही जिवंत आहे. मी पेपर उलटा ठेवला आणि म्हटलं, जा, कळवू.

— नको, पाणी नको मला.

मग हुकूम निघाला, ज्यांना मान्यता नाही त्यांनी उपचार करू नयेत. आपल्याच भल्यासाठी, सुया दूषित होतात वगैरे. तो कागद तिच्याकडं मीच धाडला. तिनं तो पाळला, तेच वाईट झालं. दुसरी कुणी असती तर चुलीत घातला असता. ही दारात आलेल्या बायकांना सांगायची, जिल्ह्याला जा. चाळीस किलोमीटर, आणि मध्ये नदी. पुढच्या पावसात एक बाई नदीकाठीच गेली, पोटातल्या पोरासकट. त्यानंतर एर्मेलिंदा इथं आली. चालत, तीन दिवस. बाहेरच्या ओट्यावर बसून राहिली सकाळपासून, मी जेवून येईपर्यंत. मला वाटलं शिव्या देईल. तिनं काय विचारावं? “सेन्योर, मी कुठं चुकले तेवढं सांगा. मी तेवढं परत शिकते.”

मी म्हटलं, शाळेचा दाखला नाही.

“एवढंच?” म्हणाली. आणि, देवाशपथ, तिचा चेहरा उजळला. गेली, आणि चौथीत नाव घातलं. तेवीस वर्षांची बाई, पोटुशी, आठ-आठ वर्षांच्या पोरांबरोबर जमिनीवर बसायची. मास्तर मला भेटला तेव्हा सांगत होता, पोरं तिला आजी म्हणतात, पण गणितात तिचंच बघून लिहितात.

ते ऐकलं आणि मला घरी जेवण जाईना. चार दिवस गेले. मग मी शिफारस लिहिली, दोन वर्षं उशिरा, पाचवी जागा अजून तशीच होती — रिकाम्या जागा आपल्याकडं नासत नाहीत. सही केली, शिक्का घेतला, टपालानं पाठवली नाही. म्हटलं स्वतः जातो, मुक्वालाचंही सांगतो तिला, सगळं सांगतो. मोटारसायकलनं गेलो. गावात शिरलो तर बायका मका कांडत होत्या. त्या थांबल्या. मी विचारलं, एर्मेलिंदा कुठं राहते?

ती जाऊन अकरा दिवस झाले होते. बाळंतपणात. मूल नीट आलं, पण रक्त थांबेना. तिला कळत होतं ना सगळं — ती पडल्या पडल्या बायकांना सांगत होती, इथं दाब, जोरात, मूल छातीला लाव, आता अजून दाब. एकीनं मला ते करून दाखवलं, स्वतःच्या पोटावर मूठ ठेवून. म्हणाली, “तिनं सांगितलं ते सगळं आम्ही केलं, सेन्योर. मग ती सांगायची थांबली.”

रक्त थांबवायचं ते एक इंजेक्शन तिच्याजवळ असतं ना — तुम्हाला माहितीय कुठलं. तिची औषधांची पेटी त्या हुकमाबरोबरच जमा करून घेतली होती आम्ही.

मला खुर्ची दिली त्यांनी. शिमा दिला, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वर कोंबडीचा रस्सा — माझ्यासाठी कोंबडी कापली. एकानंही वाकडा शब्द काढला नाही. तिचा नवरा समोर बसून होता, मी जेवतो की नाही बघत. निघताना त्या बायकांनी फक्त विचारलं, नवीन माणूस कधी येईल? मी म्हटलं, लवकर. चार वर्षं झाली, दर खेपेला विचारतात आणि मी लवकरच म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा मला हे का ऐकवतोय, मी जावं म्हणून. हो, तसंच सुरू केलं होतं मी. तुम्ही गेलात तर डिसेंबरात मी तो गोल खोडून घरी जाईन, असा मतलब होता. पण बोलता बोलता लाज वाटली. तुम्हाला तिथं पाठवून माझं काय फिटणार आहे? एकदा मी अशीच तोंडं बंद करायला एकीला पाठवली. अर्ज मंजूर करतो मी, सिस्टर. खरंच. आई आजारी आहे ना, राहा तुम्ही इथं. ही बघा, सही —

काय?

मूल? ...जगलं. मुलगी झाली होती. कुणा मावशीकडं आहे म्हणतात. चार वर्षांची असेल आता.

नाव? नाव... मी विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. इतक्या खेपा घातल्या मी तिथं, सिस्टर, खानेसुमारीला प्रत्येक घरात गेलो, डोकी मोजली, आणि त्या एका घरापुढून —

तो अर्ज का घेताय परत? ठेवा ना, सही करतोय मी. सिस्टर... अहो, नोएमिया बाई — असं नका करू, घरी विचारा आधी, लग्न ठरलंय त्या मुलाला विचारा. नामित्रोंगेचा ट्रक गुरुवारी सकाळी असतो, मिशनच्या दारातून. मी निरोप द्यायला येणार नाही. मला नाही जमायचं ते.

जा तुम्ही. दार ओढून घ्या.