आतून चौतीस

(वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग. दुपार. मापाच्या फळीवर बाळ, डोक्याशी त्याचा सुतार बाप, पायांशी सिस्टर.)

सिस्टर : अलगद धरा डोकं, दादा. वरच्या पाटीला टेकवून. हे माप एकटीनं होत नाही आणि माझी जोडीदारीण जेवायला गेलीय.

सुतार : धरलंय.

सिस्टर : आता गुडघे सरळ... काय हो छोटे सरकार, रडायला काय झालं? झालं, झालं. चौतीस सेंटीमीटर.

सुतार : म्हणजे तेवढीच.

सिस्टर : थांबा, पुन्हा घेते. ...चौतीसच. कमाल आहे. वजन वाढतंय, डोक्याचा घेर वाढतोय, लांबी मात्र जन्मल्यापासून तसूभर हलत नाही. डॉक्टरही चक्रावलेत.

सुतार : हलणार नाही ती.

सिस्टर : बापानं असं अभद्र बोलू नये.

सुतार : हा जन्मला तेव्हा मी तुम्हाला लांबी विचारली होती.

सिस्टर : हो. मला वाटलं, कौतुकानं विचारताय.

सुतार : डॉक्टर म्हणाले होते, मनाची तयारी ठेवा. मनाची कशी करतात ते मला कळेना. हाताला काम कळतं. घरी जाऊन पेटी केली, मातीत ठेवायची. आतून चौतीस.

सिस्टर : अहो! बाळाच्या आईला ठाऊक आहे?

सुतार : नाही. कळलं तर जिवाचं काहीतरी करून घेईल ती.

सिस्टर : मग फोडा ती. आजच.

सुतार : परवा गेलो होतो फोडायला. हातोडा उचलला आणि तुमचा फोन आला, बाळाचा श्वास थांबलाय म्हणून.

सिस्टर : एवढीशी बाळं श्वास घ्यायला विसरतात, दादा. तळव्याला टिचकी मारली की घेतात. त्याचा तुमच्या हातोड्याशी काय संबंध?

सुतार : काल पुन्हा उचलला.

सिस्टर : काल? मी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा?

सुतार : हो. हातोडा खाली ठेवला, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'घेतला, श्वास घेतला.' मला फार भीती वाटते, सिस्टर. ठेवली तर हा वाढत नाही, फोडली तर जाईल. माझ्याच हातानं अडकवलाय मी त्याला.

सिस्टर : असं काही नसतं हो. ...अंगावर काटा आणलात.

सुतार : मग काय करू, सांगा.

सिस्टर : फोडू नका. वाढवा.

सुतार : पेटी?

सिस्टर : लांब फळ्या लावा. आणि मी असं म्हणाले हे डॉक्टरांना कळता कामा नये.

सुतार : किती वाढवू?

सिस्टर : तुमच्या घरात सगळ्यात उंच कोण होतं?

सुतार : माझे आजोबा. नव्वदीतसुद्धा प्रत्येक दारात वाकायला लागायचं त्यांना.

सिस्टर : मग त्यांच्याहून चार बोटं जास्त ठेवा.