भाकरीच्या कडेवरचा डाग

प्रेमलता : जल्मभर बाजारात मासे इकूक बसान वागळ्यो कापलंय मी, योगिनी. पण वागळेक औषध लावतत, ह्यां आजच आयकतंय.

योगिनी : त्यो दर्यातल्यो, आये. ही गोड्या पाण्यातली. आणि अशी वाटोळी, चपटी, म्हणान हिचां नाव भाकरी.

प्रेमलता : भाकरी म्हणे! तुझ्या दुकानदारान शोभेचे मासे इकल्यान, दुकान बंद केल्यान. हिका कोण घेवक नाय, म्हणान तू घरात हाडलंस. नोकरी गेली ती गेली, वर ह्यां शेपटेर काट्याचां जनावर!

योगिनी : थंय मी तिका हातान भरवी होतंय. टाकून कशी येतलंय?

प्रेमलता : मगे आता? कालपासून खाणा नाय. अंगार कापूस उगवलोहा. ओहोळात सोडून दी. जगात तर जगात.

योगिनी : सोडूचंय नाय. ही हयली न्हय, थंय मरात. गप रव वायच, माशांच्या डॉक्टरांचो फोन इलो, स्पीकरार घालतंय. हॅलो, किशोरी मॅडम?

डॉ. किशोरी : फोटो पाहिले, योगिनी. बुरशीच आहे, पण वरवरची. टाकीतली रेती काढलीस?

योगिनी : काढली. त्यात फुटका शिंपला निघाला. त्यावरच घासली असणार. पाणीही थोडं बदललं. विहिरीचं घेतलं, नळाचं नाही.

डॉ. किशोरी : छान. आता नीट ऐक. दुकानातली हिरवी-निळी बाटली पाण्यात ओतायची नाही. तसली औषधं वागळीला सोसत नाहीत. मी सांगितलं तेवढंच पातळ आयोडीन, कापसाच्या बोळ्याने, फक्त डागावर. डोळ्यांमागे भोकं आहेत ना, त्यांतून ती श्वास घेते. तिथे थेंबही जाता कामा नये. आणि एकटीने करू नकोस.

योगिनी : भाऊ येणार होता...

प्रेमलता : निकेत बोटीर गेलो. तो आता खंयचो येता!

डॉ. किशोरी : मग आई धरतील?

योगिनी : नाही हो. बाबांना एकदा जाळ्यातल्या वागळीचा काटा लागला होता. तेव्हापासून आई जिवंत वागळीला हात लावत नाही.

प्रेमलता : पाय सुजान ढोल झाल्लो तेंचो. दोन माणसां धरून बसलेली, तरी वरडत होते.

डॉ. किशोरी : तुमची भीती खरी आहे, काकू. दुसरं कोणी मिळेपर्यंत थांबा. फक्त फार दिवस नकोत, ती खात नाही.

योगिनी : थांबायचं नाही. मी एकटीच करते.

प्रेमलता : एकटी? एका हातान शेपटी आणि एका हातान औषध? सरक थंयसून. सरक म्हणतंय ना! ता गोणपाट दी.

डॉ. किशोरी : गोणपाट नको, काकू, खरखरीत असतं. मऊ टॉवेल भिजवून घ्या. काटा पूर्ण झाकला पाहिजे.

योगिनी : आये, तू नको...

प्रेमलता : बोला नको. टॉवेल दी. हां. धरलंय. आता आटप!

योगिनी : हलवू नको हात. मॅडम, कड वर घेतली.

डॉ. किशोरी : अलगद. डाग पुसून घे, मग औषध.

प्रेमलता : योगिनी...

योगिनी : काय झाला? लागला?

प्रेमलता : नाय गो. काळीज धडधडता तिचां. माझ्या बोटांक लागता. कापताना ह्यां कधी कळूक नाय.

योगिनी : झाला, आये. सोड. शेपटी शेवटाक.

डॉ. किशोरी : आणि दोघींचे हात बाहेर! उद्या पुन्हा असंच.

(चार दिवसांनी, सकाळी. त्याच टाकीपाशी.)

योगिनी : डाग गेलोच म्हणान समज. पण खाणा नाय, आये. गांडुळां दिलंय, मासो दिलंय. तोंड लावणा नाय.

प्रेमलता : सरक.

योगिनी : तू बाजारातसून इतक्यात इलंस?

प्रेमलता : टोपली शेजारणीकडे दिलंय. सुंगटां हाडलंय, ताजी. सोलून बारीक केलंय.

योगिनी : कोळंबी पण घेवची नाय गो ती. आणि हात पाण्यात नको, चिमट्यान...

प्रेमलता : चिमटो ऱ्हवांदे. माका कळता शेपटी खंय आसा ती. ये गो. ये, हय बघ.

योगिनी : आये! येता ती!

प्रेमलता : वरडा नको, भियात. घे. आणि घे. हळू खा गो, बाये. कोण तुझ्या तोंडातलां काढून घेणा नाय.