नळावरचा हुद्दा

...आणि वर हा नवरा मलाच म्हणतो, "एसिनाम, साधं रांगेत उभं राहता येत नाही तुला?" साधं? तुम्हाला सांगते, आमच्या तमाले शहरातल्या लष्करी वस्तीत नळावर साधं काही नसतं! नवऱ्याचा हुद्दा तोच बायकोचा, आणि त्याच क्रमाने बादल्या. कॉर्पोरलची बायको पुढे, मग आम्ही लान्स कॉर्पोरलच्या, शेवटी शिपायांच्या. पण ओळखायचं कसं हो? बायकांच्या दंडावर हुद्द्याच्या पट्ट्या असतात का?

मी इतिहासाची पदवीधर! रोमन फौजेतला शतपती पाठ, अशांती राजांच्या फौजेत उजवी फळी कोणाची, पिछाडीला कोण, सगळं पाठ... पण समोरून बादली घेऊन बाई आली की तिचा हुद्दा ओळखता येईल तर शपथ! त्यात एलिकेमचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव दुसऱ्या पट्टीसाठी, म्हणजे कॉर्पोरल व्हायला, वर गेलेलं. "मगाजियाला दुखवू नकोस हं!" रोज बजावतो. मगाजिया म्हणजे वस्तीतल्या समस्त बायकांची मुख्य, सार्जंट-मेजरची बायको. तिने "त्या घरात शिस्त नाही" म्हटलं, की गेलीच पट्टी!

मग मी काय करावं? जी येईल तिला, "या ना, तुम्ही आधी भरा!" न जाणो, वरची असली तर? एक आली, दुसरी आली... आणि मागून आमच्याच बरोबरीच्या कडाडल्या, "अगं ए शिकलेले, ती शिपायाची बायको! तिला पुढे सोडून आमच्या नवऱ्यांना शिपाई करतेस होय?" आता तुम्हीच सांगा, दंडावर पट्ट्या असतात का?

झालं, मगाजियाचं बोलावणं! तिला खूश करायला चवळीभाताचं पातेलं उजव्या हातात सावरत गेले. तिने नुसतं "हं?" केलं, अन् मी दचकून ठोकला ना सलाम... डाव्या हाताने! अहो, आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला वाटसुद्धा दाखवत नाहीत!

मग ती म्हणाली, "पोरी, पातेलं खाली ठेव. आता उजव्याने कर." भात गार होईस्तोवर करून घेतले सलाम! शेवटी म्हणते, "तुमच्या घरात शिस्त नाही. पण भीती भरपूर आहे. फौजेला तेवढी पुरते."

मिळाली हो पट्टी! एलिकेम अंगणात नाचला. खोलीही नवी मिळाली, पण रिकामी होती ती सार्जंटांच्या चाळीत. काल तिथल्या नळावर गेले, तर झाडून सगळ्या सार्जंटिणी! एक बरं झालं म्हणा, आता ओळखायची भानगडच नाही... दिसेल ती माझ्या वरची!